परराष्ट्रीय करार आणि शेतकऱ्याची वही

कृत्रिम बुद्धिमत्ता, डिजिटल सार्वभौमत्व आणि परराष्ट्रनीति हे शब्द शेतकी मासिकांत कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. बीं, खत, पाणी आणि बाजारभाव यांची विवंचना करतां करतां ज्याचें वर्ष सरतें, त्यानें दिल्लींतील वकिलाती आणि जिनीव्हांतील वाटाघाटी यांकडे कां पाहावें? परंतु देशाच्या नांवानें ज्या करारांवर सह्या होतात, त्यांतील एखादें कलम दहा वर्षांनीं कोणाच्या बांधावर येऊन उभें राहील हें सांगतां येत नाहीं. असें एक कलम आपल्या बांधाकडे निघालें आहे, अशी आमची खात्री झाल्यामुळें या अंकांत त्याचा थोड्या विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. सातबाराचा उतारा संगणकावर गेल्यास बरींच वर्षें झालीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पेऱ्याची नोंद शेतकऱ्यानें स्वतःच्या मोबाइलवरून छायाचित्रासह करावी असा प्रघात पडला. २ सप्टेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें २,८१७ कोटि रुपयांच्या डिजिटल शेती मोहिमेस मंजुरी दिली. तिचा पाया म्हणजे ॲग्रीस्टॅक. त्यांत शेतकऱ्याचा ओळख-क्रमांक, त्याच्या जमिनीचा नकाशा आणि त्याच्या पिकाची नोंद हीं तिन्ही एकत्र जोडलीं जातात. महाराष्ट्र सरकारनें १५ एप्रिल २०२५ पासून शेतकी खात्याच्या योजनांसाठीं हा क्रमांक आवश्यक केला, आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत शेतींतील कृत्रिम बुद्धिमत्तेचें स्वतंत्र धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठीं ५०० कोटि रुपयांची तरतूद केली. बारामती येथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीच्या तंत्राच्या साहाय्यानें उसावर प्रयोग केला आहे. हवामान-यंत्रें, जमिनींतील ओलावा मोजणारीं उपकरणें आणि उपग्रह-चित्रें यांची सांगड घालून पाणी व खत केव्हां आणि किती द्यावें याचा सल्ला त्यांत शेतकऱ्यास मिळतो. या उद्योगास आमचा विरोध नाहीं. पाण्याचा एकेक थेंब मोलाचा असलेल्या मुलखांत असा सल्ला मिळत असेल तर तो घ्यावा, असेंच आम्ही म्हणूं. आमचा प्रश्न एवढाच कीं, ही जी नवी वही लिहिली जात आहे ती कोणाच्या हातीं आहे, आणि ती उघडून पाहण्याचा अधिकार कोणास आहे.

ही वही शेतकऱ्याच्या पदरांत काय टाकते, हें एका उदाहरणावरून कळेल. २०२३ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत भात व गहू यांच्या उत्पन्नाचा अंदाज ठरवितांना, पीक-कापणी प्रयोगाच्या आकड्याबरोबर उपग्रह-चित्रें व गणिती नमुने यांवरून निघणाऱ्या आकड्यास निदान ३० टक्के वजन देण्याची पद्धति सुरू झाली. पीक-कापणी प्रयोग कितीही सदोष असला तरी तो गांवांतील चार माणसांच्या देखत होतो, वजनाचा कांटा डोळ्यांसमोर असतो, आणि तक्रार करणारास बोट कोठें ठेवावें हें कळतें. उपग्रहावरून निघणारा आकडा कित्येकदां अधिक बिनचूकही असेल. परंतु तो चुकला तर चूक ढगाळ दिवसाच्या चित्रांत झाली, कीं दुसऱ्या मुलखांतील पिकावरून घेतलेल्या गृहीतांत झाली, हें जाणावयाचें कसें? ज्या आज्ञावलीनें तो आकडा काढला ती तपासण्याचा अधिकार कोणास तरी असल्यावांचून हें कळणें शक्य नाहीं, आणि तें कळल्यावांचून भरपाईचा हक्क हा कागदावरचाच हक्क राहणार.

महाराष्ट्राच्या शेतकऱ्यास हा प्रश्न नवीन नाहीं. तेव्हांच्या भीमथडी तालुक्यांतील, आणि आजच्या बारामती तालुक्यांतील, सुपें या गांवीं १२ मे १८७५ रोजीं जमावानें सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली, आणि तें लोण पुणें व नगर या जिल्ह्यांत पसरलें. जमावाचा रोख मुख्यत्वें खतें, रोखे व वह्या हस्तगत करून त्या जाळण्यावर होता. जाळपोळीचें समर्थन कोणी शहाणा मनुष्य करणार नाहीं. पण जमावाला कागदच कां जाळावेसे वाटले, हें समजून घेण्यासारखें आहे. काय घेतलें आणि काय फेडलें हें लिहिणारी लेखणी एकाच पक्षाच्या हातांत होती, आणि कोर्टांत त्या लेखापुढें कुळाचें तोंड चालत नव्हतें.

त्यानंतर चौकशी होऊन १८७९ सालीं ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ हा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठीं झाला. त्यानें कर्जबाजारीपणा नाहींसा झाला असें नव्हे. तो होणेंही शक्य नव्हतें. परंतु त्यांत तीन तत्त्वें अशीं होतीं कीं जीं आजही विसरूं नयेत. पहिलें, शेतकऱ्याचें खत गांवच्या रजिस्ट्रारासमोर लिहिलें जावें. दुसरें, शेतकऱ्यास पावती, आणि त्यानें मागितल्यास वार्षिक हिशेब व पासबुक द्यावें. तिसरें, आणि आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें, म्हणजे न्यायाधीशानें केवळ खतावर विसंबून न राहतां त्या व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा. खताच्या पाठीमागें जाऊन पाहण्याचा हा अधिकार शेतकऱ्याच्या पदरीं एका मोठ्या उद्रेकानंतर पडला.

आतां परराष्ट्रीय करारांकडे वळूं. गेल्या दहा वर्षांत जे व्यापारी करार जगांत झाले, त्यांपैकीं अनेकांत ‘डिजिटल व्यापार’ नांवाचें एक प्रकरण असतें. त्यांत बहुधा दोन गोष्टी आढळतात. एक अशी कीं, माहितीस देशाच्या सीमेबाहेर जाण्यास शक्य तितकी मोकळीक असावी. दुसरी अशी कीं, परदेशी कंपनीस आपलें संगणकीय सामान देशांत आणावयाचें, विकावयाचें किंवा वापरावयाचें असेल, तर त्याची मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, दाखविण्याची अट सरकारनें तिला घालूं नये. २०२० मध्यें अंमलांत आलेल्या अमेरिका, मेक्सिको व कॅनडा यांच्या करारांत तर आज्ञावलींतील निर्णय-पद्धतीसही, ज्यास अल्गोरिदम म्हणतात, हें संरक्षण दिलें आहे. खताच्या पाठीमागें जाऊन पाहण्याचा जो अधिकार १८७९ सालीं मिळाला, त्यालाच आवळणारें असें हें कलम आहे. फरक इतकाच कीं तें मराठींत लिहिलेलें नाहीं आणि त्यावरची सही शेतकऱ्याच्या अंगठ्याची नाहीं.

या बाबतींत आपल्या देशाचें धोरण आरंभीं सावध होतें. जून २०१९ मध्यें ओसाका येथें जी-२० राष्ट्रांच्या बैठकींत माहितीच्या मुक्त संचाराविषयींच्या घोषणेवर सही करण्याचें भारतानें नाकारलें. दक्षिण आफ्रिका व इंडोनेशिया हींही राष्ट्रें बाहेर राहिलीं. माहिती ही संपत्ति आहे आणि तिचे नियम जागतिक व्यापार संघटनेंत सर्वांच्या समक्ष ठरावेत, अशी भारताची भूमिका होती. या भूमिकेस मागासलेपणाचें नांव देणारांनीं पुढील घटना लक्षांत ठेवावी. ऑक्टोबर २०२३ मध्यें खुद्द अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींनीं जागतिक व्यापार संघटनेंतील वाटाघाटींत माहितीचा मुक्त संचार व सोर्स कोड यांविषयींच्या आपल्याच जुन्या मागण्यांचा पाठिंबा काढून घेतला. आपल्या देशांतील बड्या कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारे कायदे करण्यास मोकळीक असावी, हें कारण त्यांनीं दिलें. ज्या घरांत या कंपन्या जन्मल्या त्या घरासही स्वतःचे हात मोकळे ठेवावेसे वाटले, तर आपण ते बांधून घेण्याची घाई कां करावी?

परंतु आपली भूमिका सैल होत असल्याचीं चिन्हें दिसूं लागलीं आहेत. परदेशी डिजिटल कंपन्यांवर बसविलेला समानीकरण कर आपण ऑगस्ट २०२४ व एप्रिल २०२५ अशा दोन टप्प्यांत रद्द केला. जुलै २०२५ मध्यें ब्रिटनशीं झालेल्या व्यापारी करारांत सोर्स कोड दाखविण्याची अट न घालण्याचें तत्त्व आपण स्वीकारलें. त्या करारापासून आणि इतर राष्ट्रांशीं चाललेल्या बोलण्यांपासून लाभ नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. द्राक्षें, आंबा, मसाले यांच्या बाजारपेठा वाढाव्यात ही आमचीही इच्छा आहे. मात्र अशा वाटाघाटींच्या वेळीं शेतकऱ्यांच्या संघटना परदेशी दूध, मका व सोयाबीन यांवर डोळा ठेवून बसतात, आणि तें योग्यच आहे. पण डिजिटल प्रकरण त्यांच्यापैकीं कोणी उघडून पाहत नाहीं. दुधाचा लोंढा आला तर तो डेअरीच्या दारांत दिसेल. आज्ञावलीवरील कुलूप मात्र विम्याचा दावा फेटाळला गेल्यावरच दिसतें.

दुसऱ्याच्या हातीं किल्ली असणें म्हणजे काय, याचीं दोन उदाहरणें सांगण्यासारखीं आहेत. २०२२ सालीं युक्रेनमधील मेलिटोपोल येथील एका विक्रेत्याकडून रशियन सैनिकांनीं जॉन डीअर कंपनीचे ट्रॅक्टर व कापणी-यंत्रें पळवून दूर चेचन्यापर्यंत नेलीं. तेथें पोंचल्यावर तीं यंत्रें चालेनात, कारण दुरूनच तीं बंद करण्यांत आलीं होतीं. चोरास धडा मिळाला याचा कोणासही आनंद होईल. तथापि ज्या हाताला चोराचा ट्रॅक्टर बंद करतां येतो त्याला धन्याचाही ट्रॅक्टर बंद करतां येतो, हें विसरून चालणार नाहीं. दुसरें उदाहरण आपल्याच देशांतील आहे. जुलै २०२५ मध्यें युरोपीय संघानें गुजरातेंतील वाडीनार येथें तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर, तिच्यांतील रशियन भागीदारीमुळें, निर्बंध घातले. एकतर्फी निर्बंध आम्ही मानीत नाहीं, असें भारत सरकारनें सांगितलें होतें. तरीही मायक्रोसॉफ्टनें या कंपनीच्या संगणकीय सेवा बंद केल्या, आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयाकडे धांव घेतल्यानंतर त्या महिन्याच्या अखेरीस त्या पूर्ववत् झाल्या. इतक्या मोठ्या कारखान्याची ही स्थिति, तर ऐन हंगामांत एखाद्या खरेदी-विक्री संघाचा किंवा साखर कारखान्याचा हिशेब असा बंद पडला, तर तो कोणत्या न्यायालयांत आणि किती दिवसांत धांव घेईल?

जी गोष्ट सेवेची तीच यंत्राची. जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकन सरकारनें कृत्रिम बुद्धिमत्तेस लागणाऱ्या उच्च प्रतीच्या चिपांसाठीं जगांतील देशांचे तीन वर्ग करणारा नियम जाहीर केला. त्यांत भारत दुसऱ्या, म्हणजे मर्यादा घातलेल्या वर्गांत होता. मे महिन्यांत तो नियम मागें घेण्यांत आला. आपल्या सरकारनें मार्च २०२४ मध्यें सुमारें १०,३७२ कोटि रुपयांची इंडिया-एआय मोहीम मंजूर केली, ही स्तुत्य गोष्ट आहे. परंतु तिच्यासाठीं लागणाऱ्या चिपा परदेशांतून येतात, आणि त्या किती मिळाव्या हें एका सहीनें ठरतें व दुसऱ्या सहीनें बदलतें. हें परावलंबन एका दिवसांत जाणारें नाहीं. म्हणूनच जें आपल्या हातांत आज आहे तें कराराच्या कागदावर सोडून देऊं नये, हें अधिक महत्त्वाचें ठरतें.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, आपलें गुपित सुरक्षित राहण्याची हमी नसेल तर परदेशी कंपन्या येणार नाहींत. व्यापारी गुपितास संरक्षण असावें हें आम्हांस मान्य आहे. पण एखाद्या कृषि विद्यापीठाच्या तज्ज्ञानें, गुप्तता पाळण्याच्या शपथेवर, विम्याचा आकडा कसा निघाला हें तपासणें म्हणजे गुपित बाजारांत मांडणें नव्हे. खताच्या व बियाण्याच्या नमुन्याची सरकारी प्रयोगशाळेंत तपासणी होते, म्हणून कोणता कारखाना देश सोडून गेला?

दुसरा आक्षेप असा कीं, अशा कलमांत चौकशीसाठीं अपवाद ठेविलेले असतात, आणि सरकारी खरेदीस तीं बहुधा लागूही नसतात. हें खरें आहे आणि तें नमूद करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. परंतु विमा कंपनी, खासगी बँक, साखर कारखाना किंवा धान्याचा बडा व्यापारी जी आज्ञावली वापरील ती सरकारी खरेदींत येणार नाहीं. शिवाय अपवाद असतो तो विशिष्ट प्रकरणाच्या चौकशीपुरता. ‘शेतकऱ्याचें कर्ज, विमा अथवा मालाची प्रतवारी ठरविणारी प्रत्येक आज्ञावली वापरांत येण्यापूर्वींच तपासली जावी’ असा सर्वसाधारण नियम उद्यां आपल्या विधिमंडळास करावासा वाटला, तर त्यास परदेशी कंपनी करार दाखवून हरकत घेऊं शकेल. गांवांतील शंभर दावे एकाच चुकीनें फेटाळले गेले असतां शंभर चौकश्या मागत बसणें हा न्याय नव्हे.

तिसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. कित्येक देशाभिमानी गृहस्थ म्हणतात कीं, परकीय यंत्र नकोच, सर्व स्वदेशी करावें म्हणजे प्रश्न सुटला. स्वदेशीविषयीं आम्हांस आदर आहे; पण १८७५ सालचा सावकार परदेशांतून आलेला नव्हता. त्याची वही याच मातींत लिहिली जात होती. माहिती मुंबईंत साठविली आणि आज्ञावली पुण्यांत लिहिली, तरी शेतकऱ्यास ती पाहण्याचा अधिकार नसेल, तर त्याच्या पुरतें सार्वभौमत्व आलें असें म्हणतां येणार नाहीं. देशाच्या सार्वभौमत्वाला अर्थ येतो तो त्याच्या सामान्य नागरिकास हिशेब मागतां येतो म्हणून.

या कसोटीवर घरची स्थितिही समाधानकारक नाहीं. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें कांहीं हक्क दिले आहेत. परंतु अनुदान व लाभ देण्याच्या कामीं सरकारास कांहीं अटींवर स्वतंत्र संमतीवांचून माहिती वापरण्याची मुभा त्याच कायद्यांत आहे. जमिनीचा कस, पर्जन्य, कीड, मंडळाचें उत्पन्न ही जी सामुदायिक माहिती, तिला तो कायदा लागूच नाहीं. अशा माहितीवर त्या त्या समूहाचा हक्क असावा, अशी शिफारस क्रिस गोपालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २०२० सालीं केली होती. तिचें कायद्यांत रूपांतर झालेलें नाहीं. याउलट युरोपीय संघानें, यंत्र वापरणाराच्या कामांतून निर्माण झालेली माहिती त्यास मिळाली पाहिजे, असा कायदा करून सप्टेंबर २०२५ पासून तो लागू केला, आणि त्यांत ट्रॅक्टरही येतात. परदेशांत सार्वभौमत्वाचा आग्रह धरणाऱ्या सरकारनें घरीं तोच हक्क आपल्या शेतकऱ्यास दिला, तर त्याच्या आग्रहास वाटाघाटींत अधिक वजन येईल.

म्हणून आमच्या मागण्या येणेंप्रमाणें आहेत. पहिली: यापुढील कोणत्याही व्यापारी करारांत शेती, पीक विमा, शेतकी कर्ज, जमिनीची नोंद व शेतमालाची प्रतवारी यांसाठीं वापरल्या जाणाऱ्या आज्ञावल्या तपासण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत राखून ठेवावा. दुसरी: करारावर सही करण्यासाठीं आपल्याकडे संसदेची मंजुरी लागत नाहीं, आणि शेती हा तर घटनेनें राज्यांकडे सोंपविलेला विषय आहे, तेव्हां डिजिटल प्रकरणाचा मसुदा सही होण्यापूर्वीं राज्य सरकारें व शेतकऱ्यांच्या संस्था यांपुढें ठेवावा. तिसरी: ॲग्रीस्टॅकमधील आपली नोंद कोणी, केव्हां आणि कशासाठीं पाहिली याचें वार्षिक पासबुक प्रत्येक शेतकऱ्यास मराठींत मिळावें. चौथी: गांवच्या सामुदायिक माहितीचे विश्वस्त म्हणून सहकारी संस्थांस कायद्यानें मान्यता द्यावी. ज्यांनीं दूध, ऊस व कर्ज यांचे हिशेब पिढ्यान् पिढ्या सांभाळले, त्यांना हें काम अशक्य आहे असें आम्हांस वाटत नाहीं. मात्र त्या हिशेबांत जे दोष शिरले ते येथें शिरूं नयेत यासाठीं वार्षिक तपासणी सक्तीची असावी.

सरकारकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाहीं. आमच्या सभासदांनीं आगामी ग्रामसभेंत पासबुकाच्या मागणीचा ठराव मांडावा. ज्यांचा विम्याचा दावा यंत्राच्या आकड्यावरून नाकारला गेला असेल, त्यांनीं आकडा कसा निघाला याची लेखी विचारणा करावी आणि उत्तराची प्रत संस्थेकडे पाठवावी. अशा प्रती जमल्या म्हणजे आपल्या खासदारांपुढें केवळ गाऱ्हाणें न मांडतां पुरावा मांडतां येईल. परदेशी कंपनीशीं प्रयोग करणाऱ्या संस्थांनींही, करार संपल्यावर माहिती कोणाकडे राहील हें कलम आधीं वाचावें आणि मग सही करावी.

सुप्यास कागद जाळले गेल्यानंतर कायदा होण्यास चार वर्षें लागलीं. आतांची वही जाळतां येण्यासारखी नाहीं, आणि ती जाळण्याची इच्छाही कोणास नसावी. कारण नीट ठेविली तर ती शेतकऱ्याच्याच उपयोगाची आहे. ती वाचण्याचा अधिकार मात्र सही होण्यापूर्वींच मागून घेतला पाहिजे, कारण परराष्ट्राशीं केलेला करार एका देशाच्या विधिमंडळास एकट्यानें सहज बदलतां येत नाहीं. आमचे वाचक या प्रश्नाकडे दूरचा म्हणून दुर्लक्ष करणार नाहींत, अशी आम्हांस आशा आहे.